आधी उलटी करून बघ

अगं, काल रात्री साडेअकराला आलेला तुझा फोटो बघितला. बिगोनियाच्या पानाच्या आकाराची ताटली, मध्ये हिरवी, कडेला तपकिरी, शिरांमध्ये जराशी गुलाबी, आणि खाली तुझा प्रश्न: "ताई, पंचेचाळीस पौंड म्हणतेय ती बाई. घेऊ का?" मी अर्धवट झोपेत एवढंच लिहिलं, "उलटी करून फोटो पाठव." आणि तू रुसलीस. एवढी सुंदर वस्तू दाखवली तर हिला तिची पाठ बघायचीय! मुलगी बघायला येऊन "जरा चालून दाखव गं" म्हणणाऱ्या आत्याबाईंसारखी वागले मी, मान्य आहे. पण ही खोड मला फुकट लागलेली नाही.

तुला माझा तो कमळाच्या पानांचा जग आठवतो? नाहीच आठवणार, कारण मी तो कुणालाच दाखवला नाही. इथे इंग्लंडला येऊन मला दोन वर्षं झाली होती. एका गावच्या हॉलमध्ये रविवारचा जुन्या वस्तूंचा बाजार होता, आणि एका टेबलावर हा निळ्या पोटाचा, आतून गुलाबी जग. विकणारा माणूस अगदी गोड. "जॉर्ज जोन्स, मॅडम," म्हणाला. जुन्या काळच्या या भांडी घडवणाऱ्याचं नाव तेवढं मी पुस्तकात वाचलेलं, त्यामुळे ऐकूनच विरघळले. घरी आणला, धूळ होती म्हणून सिंकमध्ये चांगलं कडकडीत पाणी घेतलं आणि त्यात सोडला. पाच मिनिटांनी बघते तर पाण्यावर तपकिरी तवंग आणि जगाचा कान माझ्या हातात. तीन तुकड्यांत. कधीतरी फुटलेला कान कुणीतरी सरसानं चिकटवून, वरून रंग फासून, वार्निश मारून उभा केला होता. मी सिंकपाशी उभी राहून रडले गं. पैशांसाठी कमी, जास्त अपमानानं. तुझ्या भावजींना सांगितलं, हातातून पडला.

म्हणून सांगते, पुढून सगळ्याच गोड दिसतात. मागून बघायची.

आता तुझी ती ताटली काय आणि माझा तो जग काय, हे मॅजोलिका प्रकरण मुळात काय आहे ते ऐक, म्हणजे पाठीवर काय शोधायचं ते आपोआप कळेल. माझ्या घरापासून पाऊण तासावर स्टोक-ऑन-ट्रेंट आहे. तिथे मिंटनचा कारखाना होता. हर्बर्ट मिंटननं १८४०च्या दशकाच्या शेवटी लिऑन आर्नू नावाच्या फ्रेंच माणसाला आणलं. हा आर्नू भट्टी आणि रसायनं दोन्हींत मुरलेला. त्यानं शिशाच्या पारदर्शक ग्लेझमध्ये, म्हणजे काचेसारख्या लेपामध्ये, धातूंचे रंग मिसळून असे काही रंग बसवले की १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात लोक बघत राहिले. तांब्याचा हिरवा, कोबाल्टचा निळा, मँगनीजचा जांभळट तपकिरी, लोखंडाचा पिवळा. साच्यातून काढलेली मातीची वस्तू आधी एकदा भाजायची, मग हे रंगीत ग्लेझ ब्रशनं शेजारी शेजारी लावायचं आणि पुन्हा भट्टीत घालायचं. ग्लेझ जाड असतं, खोलगट जागी ते साचून गडद होतं आणि उठावावरून ओघळून पातळ होतं. पानाच्या शिरा इतक्या जिवंत दिसतात त्या यामुळे. कुणी छाया रंगवलेली नसते, ती भट्टीत आपसूक पडते.

नावाचा मात्र घोळ आहे. खरं इटालियन 'मायोलिका' म्हणजे कथिलाच्या पांढऱ्या, अपारदर्शक ग्लेझवर ब्रशनं काढलेली चित्रं. मिंटननं तीही केली आणि तिलाच मॅजोलिका म्हटलं. हे पानाफुलांचं, उठावाचं, रंगीत ग्लेझचं काम ते 'पॅलिसी वेअर' म्हणून विकत होते, सोळाव्या शतकातल्या बर्नार पॅलिसी या फ्रेंच कुंभाराच्या नावानं. सरडे, मासे, शंख यांनी भरलेली ताटं करणारा हा माणूस, आणि भट्टी विझू नये म्हणून घरातलं फर्निचर जाळल्याची त्याची गोष्ट सांगतात. (आपल्याकडे असता तर बायकोनं त्यालाच भट्टीत घातलं असतं.) पुढे लोकांनी दोन्हींना एकच नाव देऊन टाकलं. आज दुकानात 'मॅजोलिका' म्हणतात ते बहुतेक वेळा हे दुसरंच असतं.

एकदा फॅशन झाल्यावर सगळे मागे लागले. वेजवुड १८६०च्या सुमारास उतरले. जॉर्ज जोन्स आधी मिंटनकडेच नोकरीला होता, तो १८६०च्या दशकात स्वतंत्र झाला आणि माझ्या मते गंमतीत मिंटनच्याही पुढे गेला. होल्डक्रॉफ्ट आहे, ब्राउनफील्ड आहे, अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात फीनिक्सव्हिलला ग्रिफेन, स्मिथ अँड हिल आहेत, त्यांचं शंख आणि समुद्रशेवाळाचं काम प्रसिद्ध. पण अर्ध्याहून जास्त मालावर कसलाच शिक्का नसतो. त्यामुळे शिक्का नाही म्हणून नकली असं धरू नकोस. आणि शिक्का आहे म्हणून अस्सल असं तर मुळीच नको.

पाठीवर काय बघायचं? जॉर्ज जोन्सचा तळ ओळखायला सगळ्यात मजेदार. कासवाच्या पाठीसारखा हिरवा-तपकिरी चट्ट्यापट्ट्याचा, आणि त्यात अंगठ्याएवढी एक जागा ग्लेझ न लावता मोकळी सोडलेली. त्या मोकळ्या जागेत हातानं लिहिलेला नमुन्याचा आकडा. मला तो आकडा बघितला की उगीच वाटतं, कुणीतरी घाईत, पुढचा नग हातात घ्यायच्या आधी लिहिलाय. मिंटनचा तळ शिस्तीचा. ओल्या मातीत दाबलेलं नाव, आकाराचा क्रमांक, आणि एक चिमुकली खूण, दर वर्षी वेगळी. त्या खुणांचा तक्ता मिळतो, त्यावरून नेमकं वर्ष कळतं. १८७३च्या सुमारास 'मिंटन'चं 'मिंटन्स' झालं, शेवटी एक एस वाढला, एवढं लक्षात ठेवलंस तरी विकणारी बाई तुझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघेल.

कधी तळावर चौकटच्या पत्त्यासारखा चौकोन दिसेल. ती १८४२ ते १८८३ची डिझाइन-नोंदणीची खूण. वरच्या गोलात रोमन चार असेल तर तो मातीच्या भांड्यांचा वर्ग. १८६७पर्यंत वर्षाचं अक्षर वरच्या कोपऱ्यात असायचं, १८६८पासून उजव्या. मी हे पाठ करताना तुझ्या भाच्यानं विचारलं होतं, "आई, तुझी परीक्षा आहे का?" पण हे ध्यानात धर की ती तारीख डिझाइन नोंदवल्याची, भांडं घडवल्याची नव्हे. भांडं त्यानंतर कितीही वर्षांनी केलेलं असू शकतं. आणि तळावर 'इंग्लंड' असं छापलेलं दिसलं तर ते साधारण १८९१ नंतरचं समज, कारण अमेरिकेच्या नव्या जकात कायद्यानं मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. 'मेड इन इंग्लंड' दिसलं तर बहुधा विसाव्या शतकातलं.

नकलांबद्दल. गेल्या तीसेक वर्षांत पूर्वेकडून भरपूर माल आलाय, काहींवर तर जॉर्ज जोन्सची किंवा मिंटनची खूणही दाबलेली. हातात घेतलास की बऱ्याचदा वजनच खटकतं. तळ पांढराफटक, काठाला ग्लेझ नसलेलं कोरं वर्तुळ. फुलाच्या पाकळ्या साबणाच्या वडीसारख्या झिजलेल्या दिसतात आणि शिक्का मात्र कालच दाबल्यासारखा ठसठशीत. ग्लेझवरच्या बारीक भेगा सगळीकडे सारख्या, चहात बुडवून काढल्यासारख्या एकाच रंगाच्या. खऱ्या जुन्या वस्तूचं वय असं सगळीकडे सारखं येत नाही, आपलंही येतं का?

दुरुस्ती ओळखायला दोनच गोष्टी जवळ ठेव. एक, जांभळ्या उजेडाचा, म्हणजे अतिनील टॉर्च. अंधाऱ्या कोपऱ्यात वस्तूवर धर, नंतर फासलेला रंग आजूबाजूच्या ग्लेझपेक्षा वेगळाच, दुधट उजळतो. दुसरी, तुझं नख. जुनं ग्लेझ काचेसारखं थंड आणि कडक लागतं, दुरुस्तीचा रंग किंचित उबदार, मऊ. कान, चोच, पाय, काठ, झाकणाची मूठ या जागा आधी चाचप. तळहातावर तोलून हलकी टिचकीही मार. अख्खी वस्तू वाजते, तडा गेलेली बद्द बोलते. आईनं माठ घेताना नाही का वाजवून बघितला? तोच प्रकार.

आता माझं मत सांगते, बाकीचे जमवणारे माझ्यावर चिडले तरी. टवका उडालेली वस्तू खुशाल घे. काठाला टवका आहे, तो दिसतोय, विकणाऱ्यानं दाखवलाय आणि किंमत तशी कमी केलीय, तर ती प्रामाणिक वस्तू. मी स्वतः माझ्या सगळ्यात लाडक्या कालवांच्या ताटलीचा टवका कधी बुजवला नाही. लपवलेला तडा मात्र घेऊ नकोस, निम्म्या किमतीलाही. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये नावापुढे 'ए. एफ.' दिसलं की समजायचं, जशी आहे तशी, म्हणजे काहीतरी बिघडलेलं आहे. आणि झाकण नीट बसतंय का बघ. दुसऱ्याच भांड्याचं झाकण बसवलेल्या नगाला इथले व्यापारी 'मॅरेज' म्हणतात. पत्रिका न बघता लावलेलं लग्न, झाकण डुगडुगतं आणि हिरव्याशी हिरवा जुळत नाही.

कालवांची ताटली म्हणाले ना मी? तुला माहितीये मी मालवणचं सासर घेऊन बसलेय, त्यामुळे पहिल्यांदा बघितली तेव्हा हसूच आलं. आपल्याकडे सासूबाई खडकावरून खरवडून आणतात ती कालवं, आणि इथे त्यांच्यासाठी सहा खळ्यांची निळी-पिवळी ताटली, मध्ये सॉसला वाटी. त्या काळच्या श्रीमंत घरात प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र भांडं लागे आणि भांडं स्वतःच सांगे की आत काय आहे. सार्डिनच्या डब्यावर मासा. स्ट्रॉबेरीच्या तबकावर स्ट्रॉबेरीची पानं, शेजारी साय आणि साखरेच्या वाट्या. शिकारीच्या मांसाच्या पायसाठी जे भांडं, त्याच्या झाकणावर ससा आणि रानबदक पहुडलेले. चीजचा घुमट तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. आणि मिंटनची ती माकडाची चहादाणी, जाकीट घातलेलं माकड, त्याचं डोकं म्हणजे झाकण. तिच्या नव्या आवृत्त्याही निघाल्यात, तेव्हा चारशे पौंडात मिळतेय म्हणून उडी मारशील तर थांब आणि तळ बघ.

या सगळ्याची कमाल म्हणजे मिंटनचा मोर. पॉल कोमोलेरा नावाच्या फ्रेंच शिल्पकारानं घडवलेला, खऱ्या मोराएवढा, उंची दीड मीटर. त्यातला एक मेलबर्नच्या प्रदर्शनासाठी 'लॉक आर्ड' जहाजातून निघाला. १ जून १८७८ला ते जहाज ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ फुटलं, चोपन्न माणसांपैकी दोनच वाचली. आणि खोक्यात बांधलेला हा मातीचा मोर लाटांवरून किनाऱ्याला लागला, जवळजवळ जसाच्या तसा. आज तो वॉर्नाम्बूलच्या फ्लॅगस्टाफ हिल संग्रहालयात आहे. माझ्याकडून गाडीतून आणताना एखाद्या जगाचा टवका उडतो आणि तो अख्खा समुद्र ओलांडतो. आतलं पॅकिंग कुणी केलं होतं, त्या माणसाला भेटायला हवं होतं मला.

एक गोष्ट मात्र गंमतीत घेऊ नकोस. हे ग्लेझ शिशाचं आहे. मागच्या वेळी आई आली होती ना, तेव्हा मी बाजारातून परत येते तर तिनं माझ्या त्या स्ट्रॉबेरीच्या तबकात लिंबाचं लोणचं काढून ठेवलेलं! "एवढी छान वाटी नुसती कपाटात काय ठेवतेस?" म्हणाली. मी किंचाळलेच. आंबट पदार्थ शिशाच्या ग्लेझवर ठेवला की शिसं त्यात उतरतं. लोणचं फेकलं, आई दोन दिवस बोलली नाही, वर जाताना म्हणाली, "कपाटातला तो तुझा जग मला पिकदाणीच वाटतो." तिला काय सांगू, मॅजोलिकाच्या पिकदाण्या खरंच बनत होत्या.

आणि जे खाणाऱ्याला बाधतं ते करणाऱ्याला कितीतरी जास्त. स्टोकच्या कारखान्यांत हे रंगीत ग्लेझ लावायच्या कामावर बायका आणि पोरी असायच्या. ब्रश, हात, ॲप्रन, सगळीकडे शिसं. पोटात कळा, हिरड्यांवर निळी रेघ, मनगट लुळं पडणं, गर्भ न टिकणं. १८९९मध्ये रसायनशास्त्रज्ञ थॉर्प आणि डॉक्टर ऑलिव्हर यांनी सरकारला अहवाल दिला तेव्हा बिनशिशाच्या ग्लेझची जोरदार शिफारस झाली, पण तोवर मॅजोलिकाची फॅशन जवळपास ओसरलीच होती. लाँगटनला ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियम आहे, बाटलीच्या आकाराच्या जुन्या भट्ट्या आत शिरून बघता येतात. तुला घेऊन जाईन. माझ्या कपाटातल्या हिरव्या पानाची शीर कुणा चौदा वर्षांच्या पोरीनं रंगवली असेल का, हा विचार तिथून आल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही, आणि तरी मी विकत घेतेच. याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

तुला मॅजोलिकात जेवायचीच हौस असेल तर पोर्तुगालच्या कोबीच्या पानांच्या ताटल्या घे. राफाएल बोर्दालो पिन्येरो यांनी १८८४ला काल्दास द राइन्याला काढलेला कारखाना अजून चालू आहे, आजच्या ताटल्या आजच्या नियमांनी बनतात. जुन्या ताटल्या कपाटात, नव्या टेबलावर.

अगं, आणि परवा तू विचारलंस की आपल्याकडे असं काही आहे का. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाशील तेव्हा मान खाली घाल, तिथली फरशी मिंटनची आहे. मॅजोलिका नव्हे, पण त्याच घरची. आणि चेट्टीनाडच्या वाड्यांतून रंगीत उठावाच्या टाइल्स दिसतात त्यांना 'जपानी मॅजोलिका' म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपान्यांनी इंग्रजी टाइल्सची नक्कल करून त्या स्वस्तात जगभर पाठवल्या, आणि आपल्या बाजारासाठी चक्क रविवर्म्याच्या चित्रांवरून लक्ष्मी-सरस्वती टाइलवर उतरवल्या. लक्ष्मीवालीचा एक जरी तुकडा मिळाला तरी मला कळव, पैसे मी देईन.

पैशांचं निघालंय म्हणून हळूच सांगते. लिलावात हातोडा दोनशेवर पडला म्हणजे दोनशे नव्हेत. त्यावर खरेदीदाराचं कमिशन, कमिशनवर व्हॅट, मग पॅकिंग, मग कुरिअर. मी एकदा रात्री पांघरुणात फोन घेऊन बोली लावत बसले होते, जिंकले म्हणून उडीच मारली, आणि सकाळी बिल आलं ते बोलीच्या जवळजवळ दीडपट. ते बिल मी तूरडाळीच्या डब्यात खोचलं. चार महिन्यांनी तुझ्या भावजींनी वरण लावायला घेतलं. मला आत बोलावलं, बिल टेबलावर ठेवलं, आणि म्हणाले, "डाळ महाग झालीय." बाकी एक शब्द नाही. तेव्हापासून मी आकडा आधी कागदावर लिहिते, कमिशन धरून, आणि तो ओलांडला की फोन दुसऱ्या खोलीत ठेवते. तूही तसंच कर. वर्षात चार वस्तू घे, चाळीस नको. सुरुवातीला बिगोनियाची पानं उत्तम, भरपूर बनली, स्वस्त मिळतात, आणि त्यांच्यावर हात बसला की पुढचं दिसायला लागतं.

धुवायचं असेल तर प्लॅस्टिकच्या टबात तळाला टॉवेल, कोमट पाणी, थेंबभर साबण. भिजत ठेवायची नाही, डिशवॉशरची तर बातच सोड. उचलताना कान धरायचा नाही, पोटाला धरायचं. भिंतीवर टांगायची तर तारेचे आकडे उघडे नकोत, काठ खातात ते.

आता ती ताटली. सकाळी उजेडात खिडकीशी ने, उलटी कर, फोटो काढ. तळ चट्ट्यांचा असला, भट्टीत आधार ठेवल्याचे तीन बारीक ठिपके दिसले, काठ नखाला थंड लागला, तर तीस म्हण. ती चाळीस म्हणेल, पस्तिसावर दे पैसे. तळ पांढरा असला तर हसून परत ठेव आणि बाईला चहाबद्दल विचार, वाईट वाटून घेऊ नकोस.

आणि रविवारी मी येते तुझ्याकडे. शेजारच्या गावी कार बूट सेल आहे, पहाटे सहाला पोचायला हवं, व्यापारी सातच्या आत चांगलं उचलून नेतात. टॉर्च माझ्याकडे आहे, तू दोन जुने टॉवेल आण. रोख आण, मोजकीच. आणि भावजींनी विचारलं तर आपण भाजी आणायला गेलो होतो.